चिमाआत्याचं कौल

फार फार वर्षांपूर्वी, खैरवण्याच्या नदीला अजून पूल नव्हता आणि गावाला अजून अक्कल नव्हती, तेव्हा तिथे चिमाआत्या राहायची. पावसाळ्याआधी गावातली घरं शाकारायची, छपरावर चढून फुटकी कौलं काढायची आणि नवी बसवायची, हे तिचं काम. अंगानं ती भाताच्या कणगीएवढी, पण तिच्या पायाखाली कौल कधी फुटलं नाही. कौलंच श्वास धरून बसायची, असं म्हणतात.

त्या वर्षी धोंडू मांडवकराच्या घरी पाळणा हलला. वाट बघता बघता धोंडूच्या मिशा पिकल्या होत्या. आणि बारसं होतंय न होतंय तोच बाळाला खोकला लागला. छातीतून शिट्टी वाजू लागली, दूध ओढवेना.

आता खैरवण्याची रीत अशी, की बाळ खोकलं की घराघरातून धुरीचं मडकं यायचं. कुणाची ओव्याची, कुणाची लसणीच्या सालांची, कुणाची नुसत्या शेणीची. मडकं परत पाठवलं तर जन्माचा रुसवा. म्हणून धोंडूच्या खोलीत सगळ्या गावाची मडकी धुमसत होती, आणि खिडक्यांत गोधड्या कोंबलेल्या. बाळाची आई सत्यभामा दिसेनाशीच झाली. ती आहे हे खोकल्यावरून कळायचं.

आत्या तेव्हा धोंडूच्याच छपरावर कौलं बदलत होती. धूर कौलांतून तिच्या नाकात गेला. तिनं कौलाला कान लावला आणि तिचा हात थांबला. बाळाची शिट्टी मध्येच तुटत होती.

"अगो, दारं उघडा!" ती ओरडली.

"वारा लागेल पोराला!" खालून धोंडूची आई जनीकाकी ओरडली.

"माझे डोळे गळतायत इथं आभाळाखाली. त्याचं काय होत असेल?"

"तू तुझी कौलं बघ गो!"

"बघतेच," आत्या म्हणाली, आणि कौलं उपटायला लागली.

धुराचा असा लोट उठला, की उडते कावळे शिंकून खाली पडले, असं म्हणतात. नदीपलीकडच्या गावाला वाटलं, आग लागली. सगळं गाव भरल्या घागरी डोक्यावर घेऊन पोहत आलं. त्यांनी मडकी विझवली, गोधड्या विझवल्या, जनीकाकीलाही विझवलं. त्या गर्दीत पलीकडचे वैद्यही होते, घागरीसकट.

तोवर आत्या भोकातून आत उतरायला गेली आणि कमरेत अडकली. पाय पाळण्यावर, धड आभाळात.

"माझं राहू दे, पोराला वर द्या!"

धोंडूनं बाहेरून शिडी लावून बाळाला वर पोचवलं. आत्यानं बाळाला खांद्यावर उभं धरलं आणि संथ श्वास घेऊ लागली. हळूहळू बाळही तिच्या लयीत श्वास घेऊ लागलं. वैद्यांनी शिडीवरूनच औषध दिलं, सत्यभामा शिडीवर चढून घोटघोट पाजायची. बाळाची छाती मोकळी होईपर्यंत आत्या तिथेच रोवलेली. जनीकाकी खालून तिचे पाय चेपायची.

मग एका सकाळी सत्यभामेच्या हातात गेल्या गेल्या बाळानं भुकेचा असा टाहो फोडला, की वासे हादरले आणि आत्या सुटली. पडली ती पाळणा चुकवून थेट मडक्यांवर. एक धड उरलं नाही.

आजही खैरवण्यात पाळण्यावरचं एक कौल उचललेलं असतं. पावसात तिथून गळतं, लोक पाळणा सरकवतात, खाली पातेलं ठेवतात, पण कौल बसवत नाहीत. धुरी अंगणाबाहेर. आणि बारशाला सगळे क्षणभर गप्प होतात, बाळाच्या नाकाशी कान नेतात, मग घरातलं मोठं माणूस त्या भोकाकडे बघून हाक मारतं,

"आत्ये, चाललाय गो श्वास!"