हैबतीने हात मागितला

फार पूर्वी, पण सायकली गावोगाव पोचल्यानंतरच्या काळात, तळ्याकाठच्या एका मुलुखात दरवर्षी मोठी शर्यत भरायची. आधी तळं पोहून पार करायचं, मग सायकलवरून सात डोंगरांना वळसा घालायचा आणि शेवटी धावत जाऊन उंच टेकडीवरचा झेंडा गाठायचा. सूर्याबरोबर निघालेला माणूस दुपार कलल्यावर पोचायचा. शर्यतीचा एक नियम फार कडक होता. वाटेत कुणी हात दिला, आधार दिला, की स्पर्धक बाद. वैद्याचे उपचार तेवढे चालायचे.

त्या मुलुखात मथुरा नावाची एक कोळ्याची मुलगी होती. तिला सतत प्रश्न पडायचे. मासे झोपतात कधी, वारा थांबतो तेव्हा जातो कुठे, टेकडीवरून तळं लहान का दिसतं. तिची आई म्हणायची, "हिचं तोंड बंद असतं ते फक्त पाण्याखाली."

मथुरा त्या वर्षी पहिल्यांदाच शर्यतीत उतरली. जिंकणार कोण हे मात्र सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. हैबती मेंढपाळ सलग चार वर्षं जिंकत आला होता. डोंगर चढताना त्याला दम लागलेला कुणी पाहिला नव्हता.

पाण्यातून सर्वात आधी बाहेर आली ती मथुरा. पण तिसऱ्या डोंगरावर हैबतीने तिला मागे टाकलं आणि दिसेनासा झाला. पाचव्या डोंगराच्या उतारावर ती वळली आणि बघते तर काय, हैबतीची सायकल चरात पडलेली आणि तो रस्त्याच्या कडेला घोटा धरून बसलेला.

मथुराने सायकल थांबवली. "दादा, फार लागलं का हो?"

"लागलंय. वैद्यबुवा मागून टांग्यातून येतायत. तू थांबू नकोस."

"पण तुम्ही पडलात कसे?"

"पोरी, प्रश्न नंतर विचार! पुढच्या वळणावरही अशीच खडी आहे, ब्रेक जपून दाब. जा!"

मथुरा निघाली. तिने ब्रेक जपून दाबला, उरलेले डोंगर पार केले, टेकडी धावत चढली आणि सगळ्यांच्या आधी झेंडा गाठला. ढोल वाजले, लोक नाचले.

तिथली रीत अशी होती की, मागच्या वर्षीच्या विजेत्याने नव्या विजेत्याच्या गळ्यात माळ घालायची. पंचांनी झेंडूची माळ आणली, इकडेतिकडे पाहिलं आणि ती मथुराच्या हातात दिली. "हैबती काही आता येत नाही. तूच घालून घे."

मथुराने माळ घेतली, पण गळ्यात घातली नाही. "ते आहेत कुठे?"

कुणालाच माहीत नव्हतं. मग येईल त्या स्पर्धकाला ती विचारू लागली. एक जण म्हणाला, "ओढ्यात पाय सोडून बसला होता." दुसरा म्हणाला, "मला तर सायकलवर दिसला. एकाच पायाने पायडल मारत होता." तिसरा धापा टाकत म्हणाला, "टेकडीखाली काठी तासतोय."

मथुरा विचारात पडली. आधी ओढा, मग सायकल, मग काठी. म्हणजे हैबती पुढे सरकतोय! पण शर्यत तर तो हरलाच होता. मग एवढा आटापिटा कशासाठी?

तिला राहवेना. माळ हातात तशीच धरून ती टेकडी उतरू लागली. पंच ओरडले, "अगं, जिंकलेलं माणूस कुठे खाली जातं का?"

"विचारून येते!" ती म्हणाली.

टेकडीच्या मध्यावर हैबती भेटला. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत तो चढत होता आणि शेजारून वैद्यबुवा चालत होते. मथुराने पटकन हात पुढे केला, तसा तो बाजूला झाला. "हात लावू नकोस, बाद होईन."

"पण दुखत असेल ना?"

"दुखतंय तर!"

"मग थांबत का नाही?"

यावर वैद्यबुवा बोलले. "मी तपासलंय गं. हाड शाबूत आहे, घोटा मुरगळलाय, पट्टी बांधलीय. धावायचं नाही, सावकाश चालायचं. आणि पायाची बोटं बधिर झाली की जिथे असेल तिथे थांबायचं. तसा शब्द दिलाय त्याने मला."

"पण दादा, जिंकणं तर गेलं. आता वर जाऊन काय मिळणार?"

हैबतीने काठी पुढच्या दगडावर टेकवली. मग म्हणाला, "मी पहिल्यांदा जिंकलो ना, तेव्हा माझ्या आधीचा विजेता रागाने तडक घरी निघून गेला. माळ मी माझ्याच हाताने घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मला कसंसंच झालं. तुझ्यावर तशी वेळ येऊ नये." मग तो हसला. "आणि खरं सांगू? आजवर एकही शर्यत मी अर्धवट सोडलेली नाही. झेंडा मलाही गाठायचाय."

तिघं वर चढत राहिली. शेवटचं वळण आलं. झेंडा समोर दिसू लागला. जेमतेम साठ पावलं उरली होती. वरून लोक ओरडू लागले, "चल हैबती! आलंच!"

आणि हैबती थांबला. त्याने खाली पायाकडे पाहिलं.

"बोटं?" वैद्यबुवांनी विचारलं.

हैबतीने बोटं हलवून पाहिली. तो खोटं बोलला असता तरी कुणाला कळलं नसतं. बोटं त्याची, बधिरपणा त्याचा. वरचा ओरडा वाढतच होता. मथुराच्या तोंडाशी प्रश्न आला होता, पण आयुष्यात पहिल्यांदा तिने तो गिळला आणि नुसती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

हैबतीने झेंड्याकडे डोळे भरून पाहिलं. मग म्हणाला, "बधिर झालीत."

आणि मथुराकडे वळून म्हणाला, "आता दे हात."

मथुराने हात दिला. वरून पंचांनी शिंग फुंकलं. हैबती बाद झाला होता.

मथुराने त्याला कडेच्या दगडावर बसवलं. वैद्यबुवांनी पट्टी सोडली, तर पाय निळा पडलेला. "वर पोचला असतास रे," ते हळूच म्हणाले, "पण पुन्हा धावला नसतास."

हैबतीने मान हलवली. मग बसल्या जागेवरून त्याने माळ मागून घेतली. मथुरा वाकली आणि त्याने ती तिच्या गळ्यात घातली. "छान पोहलीस," तो म्हणाला. "आणि खडीचं वळण माझ्यापेक्षा बरं घेतलंस."

तेव्हा वरची सगळी माणसं टेकडी उतरून त्या दगडापाशी आली आणि तिथेच पुन्हा ढोल वाजले.

तीन महिने हैबती मेंढरांमागे काठी टेकत फिरला. पुढच्या वर्षी पाय ठणठणीत बरा करून तो पुन्हा शर्यतीत उतरला, तिसरा आला आणि झेंड्यापाशी बसून त्याने एका दमात चार भाकऱ्या खाल्ल्या.

तात्पर्य: दुखणं सोसायला धीर लागतोच. पण थांबायची वेळ आली हे खरं सांगायला, आणि दुसऱ्याचं यश मनापासून मानायला, त्याहून मोठा धीर लागतो.