थोरलीचं पाऊल

लई काळ लोटला त्याला. डोंगर तेव्हाही इथेच होते, माणूस मात्र अजून या रानात शिरला नव्हता.

त्या रानात हत्तींचा एक कळप राहत होता. कळपाची म्होरकी एक हत्तीण. सगळे तिला थोरली म्हणत. वणवा पेटला की वाट तिने काढायची, तळं आटलं की पाणी तिने हुंगायचं. ती बोलली की दुसरा शब्द नाही.

कळपाची एक रीत होती, बरं का. पिल्लांनी चालायचं ते आयांच्या पायांमधून. चहूबाजूंनी खांबासारखे पाय पडायचे, पण पिल्लाला कधी धक्का लागला नाही. पिल्लू पायाला घासून चाललं की पायाला डोळे फुटतात, असं जुन्या हत्तिणी सांगायच्या.

एका पहाटे थोरली पाणी पिऊन परतत होती. पळसावर पिंगळा बसला होता. तो बोले ते खरं होई, म्हणून सगळं रान त्याला भिऊन असे.

"थोरले, तुझं पिल्लू तुझ्याच पायाखाली जाईल."

"चोच झडो तुझी!" म्हणून ती तडक निघाली. पण शब्द काही झाडावर राहिला नाही, तिच्याबरोबर चालू लागला.

तेव्हापासून तिच्या जिवाला थारा म्हणून नाही. तोंडातला चारा तोंडात. पाय उचलला की खाली बघे, टेकला की पुन्हा बघे. लेकरू सोंडेला लोंबकळायला आलं, की चार पावलं मागे सरे.

"आई, खेळ ना गं!"

आई सोंड आवरून घेई.

शेवटी तिने हुकूम सोडला. "उद्यापासून सगळी पिल्लं ओढ्यापलीकडे, आपल्या म्हाताऱ्या हत्तिणीपाशी. कळपात एकही नको."

तिची धाकटी बहीण पुढे आली. "आक्के, असं कुठं झालंय का? पिल्लाची जागा पायात. तुला झालंय तरी काय? आठ दिवस बघतेय, जागच्या जागी झुलतेस नुसती."

"सांगितलं तेवढं करायचं."

"करू बाई. तुझ्यापुढे डोंगर सरकतो, तिथं आम्ही कोण! पण पोटात काय आहे ते बोल तरी एकदा."

अगदी ओठापर्यंत आलं होतं. पण कळपाला तारणारी मी, मीच भ्याले, हे कुठल्या तोंडाने सांगू? थोरलीने पाठ फिरवली.

पिल्लं पलीकडे गेली. थोरली ओढ्याकाठी येरझारा घालत राहिली. आता पाय हवा तसा टाकता येत होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पान हललं तरी दचके. पलीकडे वाघ आला तर? एकट्या म्हातारीच्याने काय होणार?

तिसऱ्या दिवशी भर दुपारी काठच्या उंच गवतात काहीतरी सळसळलं. बुटकं, दबकत येणारं. वारा थोरलीच्या पाठीकडून होता, वास लागेना.

"वाघ! पिल्लांवर टपलाय!"

"थांब आक्के, आधी हुंग तर खरी!" धाकटी ओरडली.

थांबते कुठली! ती गवतात घुसली आणि सगळ्या अंगाचा भार देऊन तिने पाऊल हाणलं.

वाघ नव्हता तो. आईवाचून करमेना म्हणून म्हातारीचा डोळा चुकवून, ओढा ओलांडून आलेलं थोरलीचंच पिल्लू होतं.

कळप भोवती गोळा झाला. तेव्हा कुठे थोरलीने पिंगळ्याचं बोलणं सांगितलं.

धाकटी रडत म्हणाली, "कपाळीच लिहिलं होतं गं. तुझा काय दोष?"

थोरलीने सोंडेने पिल्लाच्या अंगावरचं गवत बाजूला केलं. मग म्हणाली, "पिंगळा बोलला ते त्याच्यापाशी. पिल्लाला पायांमधून मी काढलं, तुमचं तोंड मी बंद केलं. पाय माझा होता. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका."

तिने म्होरकेपण धाकटीला दिलं आणि स्वतः कळपाच्या शेवटी जाऊन उभी राहिली. धाकटीने पलीकडची पिल्लं परत आणली. ती आयांच्या पायांत शिरली. त्यातलं एक चुकून मागे आलं आणि थोरलीच्या पायाला घासून चालू लागलं. तिने खाली बघितलं. पण या खेपेला ती बाजूला सरली नाही.

होणारं टळेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं, पण भीती पोटात कोंडून जो एकटाच धावत सुटतो, तो होणाऱ्याला आपल्याच पायांनी गाठतो.