बिनकाट्याचा गळ

वारणेच्या काठी एका गावात एक भोळा भोई होता. त्याचं नाव केरबा. माशांचं त्याला सगळं कळायचं, माणसांचं काही कळायचं नाही. बायको ठमा एकदा म्हणाली, "म्हशीवर नजर ठेवा." त्यानं ठेवली. म्हशीनं पाटलाचा अर्धा एकर ऊस खाल्ला, आणि तेवढ्या वेळात केरबाची नजर एकदाही हलली नाही.

त्याच गावात एक बाजीसाहेब होते. त्यांना मासे धरायचा नाद. खायचा नव्हे, धरायचा. पोट भरलेल्याला असलेच नाद लागतात. आफ्रिकेत झांबेझी नावाची नदी आहे. तिच्यात वाघमासा असतो. अंगावर पट्टे, तोंडात कुत्र्यासारखे दात. चांगल्या मोठ्या वाघमाशाबरोबर एक फोटो काढायचा, म्हणून साहेब पाच वर्षं तिकडं जात होते. फोटोसाठी क्लबाच्या भिंतीत खिळाही ठोकून ठेवला होता. त्याला पाच वर्षं जळमटं लटकत होती.

सहाव्या वर्षी साहेब म्हणाले, "केरबा, तू चल. भोई बरोबर असला की मासा येतो."

ठमानं चटणी-भाकरी बांधून दिली आणि बजावलं, "साहेब सांगतील तेवढंच करायचं, आन् सांगतील तसंच करायचं. आपली अक्कल मधी घालायची न्हाई. ह्ये बी काम घालवलंत तर मी भावाकडं जाणार. मागनं यायचं न्हाई."

"न्हाई येत," केरबा म्हणाला.

झांबेझीवर पहिल्याच दिवशी साहेबांना वाघमासा लागला. अर्धा तास ओढाओढ झाली. साहेब घामानं निथळले. मासा नावेत आला तसे ते कॅमेरा शोधायला पिशवीत वाकले. वर बघतात तो माशाच्या सहा तुकड्या झालेल्या, वर मीठ-हळद लागलेली.

"गाढवा! हा खायचा नसतो!"

"मग धरला कशाला?"

"सोडायला!"

"सोडायचाच हुता तर पाण्यात बरा हुता की. नवस हाय का साहेब?"

ज्याला उत्तर सुचत नाही तो आवाज चढवतो. "नवस नाही, खेळ आहे! कायमचं डोक्यात ठेव. धरलं की सोडायचं!"

केरबानं डोक्यात ठेवलं. तिथं जागा भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "आज कोंबडी करू. ती तांबडी धर." केरबानं धरली आणि सोडली. पुन्हा धरली, पुन्हा सोडली. दिवस कलला तोवर अकरा वेळा धरली, अकरा वेळा सोडली. शेवटी कोंबडीच कंटाळली आणि त्याच्या मांडीवर येऊन बसली. साहेबांनी मक्याची उकड कोरडीच गिळली.

"अरे अकलेच्या खंदका! जे पोटात जायचं ते सोडायचं नसतं. ते घट्ट धरून ठेवायचं. हलू द्यायचं नाही!"

"बरं साहेब."

तिसऱ्या दिवशी दुसरा वाघमासा लागला. केरबाच्या सात पिढ्यांत मासा पोटातच गेलेला. त्यानं तो छातीशी घट्ट धरला. हलू दिला नाही. साहेब ओरडत होते, ओढत होते, केरबाचे हात काही सुटले नाहीत. सुटले तेव्हा मासा गार झाला होता.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. गळ त्यांनीच माशाच्या जबड्यात घातला होता बरं का. तरी रडू आलं.

मग त्यांनी केरबाला समोर बसवून रीत शिकवली. "आधी हात ओले करायचे. मासा मापाच्या पट्टीवर आडवा घालायचा. फोटो काढायचा. एक मुका घ्यायचा. मग पाण्यात धरायचा, तोंड धारेकडं करून. दमलेला असतो बिचारा. त्यानं जोरात तडफड केली की समजायचं, जीव आला. मग सोडायचा. पट्टीवर ही लाल खूण बघ. खुणेच्या आत भरला तो छोटा. त्याचा तर विचारच करायचा नाही, सोडायचाच. छोटा सोडला की मोठा होऊन परत येतो."

"आधी गळ, मग मुका," केरबा पुटपुटला. पण ठमाचं बोलणं आठवून त्यानं अक्कल मधे घातली नाही.

"आणि गळांचे उलटे काटे पक्कडीनं चेपून टाक. रुतून बसेल असं नावेत काही ठेवू नको. मुक्या जिवाला लागतं."

केरबानं गळ चेपले. मग नावेत आणखी काय रुतून बसतं ते बघितलं. नावेचा लोखंडी नांगर होता. त्याला तर चार आकडे, आणि रुतून बसायचे ते नदीच्या तळाला. दगडावर ठेवून त्यानं चारही आकडे हातोड्यानं सपाट केले. नदीलासुद्धा लागायला नको.

चौथा दिवस शेवटचा. भर धारेत साहेबांनी नांगर टाकायला सांगितलं, केरबानं टाकला. आणि तो आला! पाण्यातून कमरेइतका उसळला. एवढा वाघमासा साहेबांनी पाच वर्षांत पाहिला नव्हता.

"खिळ्यावर जातोय, केरबा! खिळ्यावर!" साहेब नावेत उभे राहिले.

मासा ओढू लागला. नांगरानं तळाशी काही धरलं नाही, धरायला काही उरलंच नव्हतं. नावेनं गिरकी घेतली, साहेब गळाच्या काठीसकट पाण्यात. मासा गळ झटकून गेला. काटा नव्हताच.

"धर! केरबा, धर मला!"

केरबानं हातजाळं घातलं आणि साहेब नावेत ओढून घेतले. मग त्यानं हात ओले केले. साहेबांना पट्टीवर आडवं घातलं. साहेब गुडघे पोटाशी घेऊन खोकत होते. खुणेला चार बोटं कमी भरले.

"छोटं हायसा," केरबा म्हणाला.

फोटो काढला. मिशीवर मुका घेतला. बखोटीला धरून त्यांना पुन्हा पाण्यात उतरवलं, तोंड धारेकडं करून.

"अरे काय करतोस? मगरी आहेत तिकडं!" साहेबांनी हातपाय झाडले. अशी तडफड एकाही माशानं केली नव्हती.

"आला जीव," केरबा म्हणाला, आणि सोडून दिलं.

साहेब जे सुटले ते नदीमधल्या एका बेटावर जाऊन झाडाच्या शेंड्याला लागले. खाली तीन मगरी माना वर करून बसल्या. केरबानं हात जोडले, नाव काठाला लावली आणि चटणी-भाकरी सोडली.

संध्याकाळी ठमाचा फोन आला.

"काम नीट केलं न्हवं?"

"सांगितलं तसं. एक अक्षर चुकलं न्हाई. फोटो बी झ्याक आलाय, खिळ्याला लावायला."

"अगं बाई! मग साहेब कुठं हायती?"

"सोडलं. मापात छोटं भरलं. मोठं होऊन येतील परत."