दोन वर्षांचे सुतक

एकदा एका व्यापाऱ्याचा तरुण मुलगा तापाने दगावला. सुतक फिटले, नातेवाईक आपापल्या गावी परतले, पण मुलाच्या आईने घरात पुन्हा फोडणी होऊ दिली नाही. सुतकात फोडणी देत नाहीत, हा रिवाज दहा-बारा दिवसांचा. या माउलीने तो दोन वर्षे पाळला. दूध-तूपही बंद केले. व्यापाऱ्याने तिला अडवले नाही. एवढे तरी तिच्या मनासारखे होऊ दे, असे त्याला वाटे.

पुढे त्यांच्या धाकट्या लेकीला, येसूला, दिवेलागणीनंतर दिसेनासे झाले. गावच्या वृद्ध वैद्यांनी आपल्या शिष्याला पाठवले. "शेवग्याचा पाला रोज खाऊ घाला," असे सांगून तो परतला. गुण येईना, तेव्हा त्याने पाला दुप्पट केला, मग तिप्पट. पोर बिचारी तो उकडलेला पाला मुकाट गिळायची आणि तरीही उंबऱ्याला ठेचकाळायची.

शेवटी शिष्याला घेऊन वैद्य स्वतः आले. पाला कसा शिजवतात एवढेच त्यांनी विचारले, आणि नाडीही न पाहता शेजारून वाटीभर तेल मागून आणले. सरळ चुलीपाशी बसून त्यांनी पाल्यावर लसणाची फोडणी घातली. शिष्य घाबरून बघतच राहिला.

आई धावत आली. "वैद्यबुवा, हे काय केलंत! हा वास आला की तो असेल तिथून धावत यायचा हो. मला सोसत नाही."

"कळतंय, बाई," वैद्य म्हणाले. "पण पाल्यातलं जे डोळ्यांना हवं, ते तेला-तुपाशिवाय अंगी लागत नाही. टोपलीभर खाल्ला तरी वाया जातो. तुम्ही व्रत धरलंत गेलेल्यासाठी, आणि भोगतेय ती असलेली लेक."

शिष्याने मान खाली घातली. "माझं चुकलं, गुरुजी."

"माझंही. तुला पाला ओळखायला शिकवलं, लोकांच्या ताटात डोकावायला नाही शिकवलं."

आईने येसूला दाराच्या उजेडात नेले. कितीतरी दिवसांनी तिने लेकीकडे नीट पाहिले. डाव्या बुबुळावर पांढरा डाग होता. तिने वैद्यांकडे पाहिले. "उजवा वाचेल," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर त्या घरात रोज फोडणी होऊ लागली. आई रोज रडे, आणि रोज तेल तापवी.

शोक करावा, पण तो लेकरांच्या ताटात वाढू नये.