कुमुदताईंच्या मेमरीत नारबा

एका गावात एक भोळा अनुवादक होता. त्याचं नाव नारबा. गावात अनुवादकाचं काय काम, असं विचारू नका. पिठाच्या गिरणीवर कुमुदताईंचं भाषांतराचं ऑफिस होतं, तिथे तो बसायचा. त्याला इंग्रजी येत होतं, मराठीही येत होतं. फक्त त्याला जे सांगाल ते तो तसंच्या तसं करायचा, आणि ऑफिसात असा माणूस फार महागात पडतो.

यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते ना, जी आपण न वाचता माळ्यावर टाकतो, ती कुमुदताई मराठीत आणत. कुकर, पंप, शिलाई मशीन, काय वाट्टेल ते. त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यासाठी एक सॉफ्टवेअर होतं. डावीकडे इंग्रजी ओळ, उजवीकडे मराठीसाठी रिकामी जागा. मराठी भरलं की ओळ हिरवी व्हायची आणि सॉफ्टवेअर ती आपल्या मेमरीत ठेवून द्यायचं. पुढे कधी तशीच ओळ आली की मागचं मराठी आपणहून पुढे करायचं. केस काळे होते तेव्हापासूनची ताईंची प्रत्येक ओळ त्या मेमरीत होती.

दिवाळीनंतर एका ट्रॅक्टर कंपनीचे साहेब ती मेमरी बघायला येणार होते. पसंत पडली तर कंपनीचं सगळं काम ताईंना. नाही पडली तर ऑफिसला कुलूप, आणि नारबाने परत बापाच्या वीटभट्टीवर जायचं. भट्टीची नारबाला धडकी भरायची. म्हणून त्याने ठरवलं, ताईंचा एक शब्द खाली पडू द्यायचा नाही.

पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, "हे बघ, मेमरी जे देईल ते घ्यायचं. लागेल तेवढंच बदलायचं. उगाच डोकं चालवायचं नाही."

"नाही चालवणार, ताई," नारबा म्हणाला.

काम होतं डोळ्यांच्या दवाखान्याचं पत्रक. इंग्रजीत लिहिलं होतं, तीन तासांनी डोळे उघडा. मेमरीला कुकरची पुस्तिका आठवली. तिने पुढे केलं, 'तीन शिट्ट्या झाल्यावर झाकण उघडा.' नारबाने विचार केला. माणसाला झाकण नसतं. त्याने झाकण काढलं आणि डोळे घातले. लागेल तेवढंच बदललं.

पत्रक छापून वॉर्डात वाटलं गेलं. मोतीबिंदू काढलेले आजोबा रांगेत पडून होते, पट्ट्या निघाल्या तरी डोळे गच्च मिटलेले.

सिस्टर म्हणाली, "आजोबा, उघडा आता."

"शिट्ट्या कुठे झाल्या?" आजोबा म्हणाले.

शेवटी फाटकावरच्या वॉचमनला वर बोलावलं. त्याने तीन शिट्ट्या मारल्या. सगळ्यांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी ताईंना फोन करून खूप सुनावलं. ताईंनी हळूच विचारलं, छापण्याआधी आपण वाचलं नव्हतं का? डॉक्टर म्हणाले, वाचायला वेळ असता तर तुम्हाला कशाला दिलं असतं?

ताईंनी नारबाला समोर बसवलं. "अरे, नुसतं मेमरीवर जायचं का? ज्याच्यावर हे सगळं होणार आहे, त्याला आधी वाचून दाखवावं. त्याला पटलं तरच ठेवावं."

"वाचून दाखवीन, ताई."

पुढचं काम डेअरीचं होतं. दूध काढायच्या यंत्राची पुस्तिका. यंत्र लागणार होतं म्हशीला. नारबा कागद घेऊन शेजारच्या शिरपतीच्या गोठ्यात गेला आणि म्हशीसमोर बसला.

त्याने वाचलं, "यंत्र लावण्याआधी सड कोमट पाण्याने धुवा."

म्हशीच्या कानाशी माशी आली. तिने मान हलवली. नारबाने खोडून लिहिलं, 'धुऊ नका.'

त्याने वाचलं, "काम झाल्यावर यंत्र सावकाश काढा."

म्हशीने लाथ झाडली. नारबा शेणात जाऊन पडला. उठून, चष्मा पुसून त्याने लिहिलं, 'यंत्र काढण्याची गरज नाही. म्हैस काढते.'

डेअरीचे सेक्रेटरी पुस्तिका घेऊन ऑफिसात आले आणि टेबलावर आपटून गेले. एका शेतकऱ्याचा मात्र खास फोन आला. आजवर इतक्या पुस्तिका आल्या, खरं लिहिलेली ही पहिलीच, असं तो म्हणाला. ताईंना त्याने काही बरं वाटलं नाही.

"नारबा," त्या म्हणाल्या, "तू आता कुणाला काही विचारू नकोस. शंका आली की ओळ मोकळी सोड. मी भरीन."

"मोकळी सोडीन, ताई."

मग शाळेचं काम आलं. आग लागल्यास काय करावे, याचा मोठा फलक. ताईंच्या पुतणीचा नेमका त्या दिवशी साखरपुडा होता. जाताना त्यांनी बजावलं, "संध्याकाळच्या आत फाइल शाळेला गेलीच पाहिजे."

नारबाने पहिली ओळ घेतली. 'आग लागल्यास'. इथेच त्याला शंका आली. शाळा दगडी, वर पत्रे, शेजारी विहीर. आग लागेल कशी? त्याने पुढचं मोकळं सोडलं. दुसरी ओळ, 'धूर झाल्यास'. आग नाही तर धूर कुठला? तीही मोकळी सोडली. असा सगळा फलक केला आणि संध्याकाळच्या आत पाठवला.

हेडमास्तरांनी फलक पाहिला. त्यांना वाटलं, गाळलेल्या जागा भरा. त्यांनी सहामाहीला तोच पेपर काढला. 'आग लागल्यास घरी जावे' असं लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी मिळाले. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी फलक वाचला, तेव्हा सगळं ताईंच्या अंगावर आलं. दवाखाना गेला होता, डेअरी गेली होती, आता शाळाही गेली.

ताई या वेळी रागावल्या नाहीत. खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या.

"नारबा," त्या म्हणाल्या, "उद्या ट्रॅक्टर कंपनीचे साहेब येतायत. आता आपलं तेवढंच उरलंय. मी आज त्यांच्या चहाफराळाचं बघते. तू मेमरी साफ करून ठेव. तुझी घाण त्यात राहिली असेल. जी ओळ बघून शंका येईल ती काढून टाक. आणि त्यांनी पाठवलेली नमुन्याची फाइल मेमरीतून भरून ठेव. एक ओळ रिकामी दिसता कामा नये."

"नाही दिसणार, ताई."

दारातून त्या वळल्या. "तुझ्या त्या तीन शिट्ट्या मात्र मी जन्मात विसरणार नाही हो."

नारबाने हे पक्कं ध्यानात ठेवलं आणि कामाला बसला.

'पंप विहिरीपासून दूर ठेवा.' किती दूर? शंका आली. काढली. 'सुई जपून हाताळा.' कुणाची सुई? काढली. 'हे यंत्र अनेक वर्षे आपली सेवा करील.' यावर तर गावात कुणाचाच विश्वास नव्हता. काढली. असा तो एकेक ओळ वाचत आणि शंका घेत गेला. इतका मन लावून तो कधी बसला नव्हता. शेवटी शिट्ट्यांची ओळ आली. तिथे शंकेला जागाच नव्हती. ताई ती जन्मात विसरणार नव्हत्या, आणि वॉर्डातल्या सगळ्या आजोबांनी खरोखर डोळे उघडले होते. ती ठेवली.

मग त्याने ट्रॅक्टरची फाइल उघडली आणि मेमरीत होतं ते भरलं. फाइल वरपासून खालपर्यंत हिरवीगार झाली.

दुसऱ्या दिवशी बत्रासाहेब आले. ते दिल्लीचे. मराठीचं काम तपासायला कंपनीने त्यांना पाठवलं होतं, कारण त्यांना मराठी येत नव्हतं. ताई आत पोहे वाढत होत्या, तोवर नारबाने त्यांना फाइल दाखवली. साहेब वरून खाली गेले, खालून वर आले.

"वाह," ते म्हणाले, "एक भी लाइन खाली नहीं. और कितना यूनिफॉर्म है. हमारे यहाँ तो हर लाइन अलग आती है."

ताई पोहे घेऊन येईपर्यंत साहेबांनी सही करून टाकली होती. वर्षभराचं सगळं काम ताईंचं. ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी नारबाच्या पाठीवर हात ठेवला. "जमलं रे तुला शेवटी."

मग पदराने डोळे पुसून त्यांनी चष्मा लावला आणि कौतुकाने स्क्रीनकडे पाहिलं.

ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी काय करावे? तीन शिट्ट्या झाल्यावर डोळे उघडा. ऑइल कधी बदलावे? तीन शिट्ट्या झाल्यावर डोळे उघडा. उतारावर ब्रेक लागला नाही तर? तीन शिट्ट्या झाल्यावर डोळे उघडा.

"नारबा," ताई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "बाकीची मेमरी कुठे आहे?"

"साफ केली, ताई. आता त्यात शंका घ्यायला काही राहिलं नाही."

ताईंनी खुर्चीचा हात धरला, खाली बसल्या आणि डोळे मिटून घेतले. बत्रासाहेबांनी हाक मारली. डोळे उघडेनात. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तरी उघडेनात. साहेब घाबरले.

नारबा घाबरला नाही. अशा वेळी काय करायचं ते मेमरीत होतं. त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि तीन शिट्ट्या मारल्या.