रुणू-झुणूच्या दिवसाचा गजरा

जिथे डोंगराची सावली संपते आणि ओढा खळखळत वळण घेतो, तिथे मोरवणी नावाचं चिमुकलं गाव होतं. गावाच्या टोकाला एका खोलीचं घर होतं, घराला निळं दार होतं, आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या एका सोमवारी त्या निळ्या दाराच्या उंबऱ्यावर बसून सात वर्षांची बकुळ रडत होती. सुट्टीत कुणी रडतं का? पण बकुळचं कारण मोठं होतं.

तिचे बाबा, दामोदर, गावच्या शाळेत शिपाई होते. पितळेच्या जाड थाळीवर लाकडी हातोडीने टोल द्यायचा, हे त्यांचं काम. वीस वर्षांत त्यांचा एक टोल चुकला नाही. मग गावची शाळा बंद झाली, मुलं ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जाऊ लागली, आणि तिथली घंटा तर विजेवर आपली आपणच वाजायची. निरोप देताना गुरुजींनी बाबांना ती पितळी थाळीच भेट दिली. तेवढ्यात घरी जुळी बाळं आली, रुणू आणि झुणू. आईला रोपवाटिकेत काम मिळालं, म्हणून ती सकाळी ओढा ओलांडून जायची ती दिवे लागताना परत यायची. बाळांना सांभाळायला घरी राहिले बाबा. गाव म्हणू लागलं, "दामू घरी बसलाय." हे ऐकलं की बकुळ तिथून पळ काढायची.

आता बाबांची गंमत ऐका. त्यांनी पितळी थाळी घराच्या आढ्याला टांगली, शाळेतला फुटका फळा भिंतीला टेकवला आणि त्यावर सुरेख अक्षरात वेळापत्रक लिहिलं. पहिला तास दूध. दुसरा तास आंघोळ. तिसरा तास खेळ. मग मधली सुट्टी, म्हणजे झोप. प्रत्येक तास बरोबर पस्तीस मिनिटांचा. तास संपला की टण्ण!

आता तुम्हीच सांगा, सात महिन्यांची बाळं टोल ऐकून आंघोळीला उठतात होय? रुणू अर्धं दूध पिऊन पेंगायचा, की टण्ण. झुणूला खुदकन हसू फुटायचं, की टण्ण. दोघं दचकून भोकाड पसरायची, दूध उतू जायचं, भात करपायचा, आणि बिचारे बाबा पुढच्या टोलासाठी हातोडी घेऊन उभेच. आपण वेळ अजून काटेकोर पाळली पाहिजे, असं त्यांना वाटायचं. मग ते तास तीस मिनिटांचा करून बघायचे आणि गोंधळ दुप्पट व्हायचा.

कालच्या रविवारी गिरिजाआत्या आली होती. आत्या बाबांची थोरली बहीण, मनाने प्रेमळ पण बोलायला रोखठोक. तिने करपलेला भात पाहिला, रडून लाल झालेली बाळं पाहिली, बाबांचे खोल गेलेले डोळे पाहिले, आणि सांगितलं की पुढच्या रविवारपर्यंत घर मार्गी लागलं नाही, तर रुणूला ती वर्षभरासाठी आपल्या गावी घेऊन जाईल. बाबा खाली मान घालून बसले. आई झुणूला घट्ट धरून राहिली. रुणूशिवाय झुणू! बकुळला तो विचारही सोसवेना, म्हणून ती रडत होती.

पण रडताना कामं थोडीच थांबतात? तिने डोळे पुसले, बाळांच्या आंघोळीचं उरलेलं पाणी बादलीत भरलं आणि ती बंद शाळेमागच्या बागेकडे निघाली. शाळा बंद झाल्यापासून त्या बागेला कुणी पाणी घालत नव्हतं. एकटी बकुळच रोज एक बादली नेऊन ओतायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. झाडं तहानलेली आहेत एवढंच तिला कळलं होतं.

त्या दिवशी तिने गुलबक्षीच्या आळ्यात पाणी ओतलं, आणि गुलाबी कळ्यांमधून एक बोटभर उंचीची परी शिंकत शिंकत बाहेर आली. साबणाचं पाणी गेलं होतं ना तिच्या नाकात! तिचे इवले पंख दिवसाच्या वेळेप्रमाणे रंग बदलायचे; आत्ता ते कोवळ्या केशरी रंगाचे होते आणि कडांना दवाचे चिमणे मणी चमचमत होते. बकुळने घाईघाईने फ्रॉकच्या टोकाने तिचे पंख टिपले.

परीचं नाव होतं घटिका. बागेतल्या प्रत्येक फुलाला त्याच्या वेळेला उठवायचं, हे तिचं काम. ती म्हणाली, "सगळ्यांनी पाणी बंद केलं, तू नाही केलंस. माग काय हवं ते. पण माझे नियम आहेत हं, बाळ."

मग तिने बकुळच्या तळहातावर गुलबक्षीच्या तीन काळ्याभोर बिया ठेवल्या. एक बी मातीत टोचायची आणि एक इच्छा बोलायची. स्वतःसाठी काही मागायचं नाही. दिवस मोठा करून मागायचा नाही, एका मिनिटानेसुद्धा. आणि दिलेली इच्छा परत फिरवायची असेल, तर त्यासाठीही एक बी खर्ची पडेल.

बकुळने क्षणभरही विचार केला नाही. तिने पहिली बी मातीत टोचली आणि म्हटलं, "रुणू-झुणू बाबांच्या टोलाप्रमाणे वागू देत."

मंगळवारी सकाळी टोल पडला आणि दोन्ही बाळांनी एकदम तोंड उघडलं. दूध गटागट संपलं. दुसरा टोल पडला, बाळं हूं की चूं न करता न्हाली. मधल्या सुट्टीचा टोल पडला आणि दोघांचे डोळे पटकन मिटले. बाबा आनंदाने फळ्यावर बरोबरच्या खुणा करत होते. बकुळही आधी टाळ्या पिटत होती. मग तिने झुणूच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. झुणू हसली नाही. रुणूसमोर तिने माकडासारखं तोंड केलं. रुणूने नुसतं पाहिलं. फळ्यावर हसायचा तास नव्हता ना! बाबांच्याही ते ध्यानात आलं. त्यांचा खडू हातातच राहिला, आणि थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले की घर फार गप्प वाटतंय.

बकुळ धावत बागेत गेली आणि तिने दुसरी बी मातीत टोचून पहिली इच्छा परत घेतली. घरी परत येताना तिला लांबूनच दोन्ही बाळांचा टाहो ऐकू आला. इतकं गोड रडणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

आता एकच बी उरली होती. ती कशी वापरावी, हे तिने परीला विचारलं. घटिका म्हणाली की उद्या दिवसभर माझ्यासोबत राहा, आणि मग ठरव.

बुधवारी नेमकं आभाळ भरून आलं. पहाटे प्राजक्ताचा केशरी देठांचा सडा पडला होता. त्यानंतर जास्वंदीची पाळी होती, पण ऊनच नव्हतं. परी कळीजवळ बसून राहिली. तिने कळी ओढली नाही, उकलली नाही, नुसते पंख हलवून ऊब देत राहिली. जास्वंद उशिरा उमलली. मग दुपारी नावाच्या झाडाची तांबडी फुलं आली, तीही रोजच्यापेक्षा उशिरा. गुलबक्षी तर आई घरी यायच्या जरा आधी उमलली. बकुळ बोटांवर मोजत होती. आधी प्राजक्त, मग जास्वंद, मग दुपारी, मग गुलबक्षी. वेळा जवळजवळ सगळ्यांच्या हुकल्या होत्या, पण आपली पाळी कुणीही सोडली नव्हती.

बकुळ घरी आली ती डोळे चमकवतच. गुरुवारी तिने बाबांना एक विनंती केली, की आज टोल द्यायचा नाही, फक्त बघायचं. बाबांचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी ऐकलं. दोन दिवस बापलेक बाळांकडे बघत राहिले, आणि जे दिसेल ते बाबा फळ्यावर खडूने टिपत राहिले. रुणूला दूध प्यायलं की झोप येते. झुणूला आधी खेळ लागतो. डोळे चोळले की पाळणा, मग घड्याळात काही का वाजेना. दोघं एकदम झोपतात ती फक्त जेवणानंतर.

शुक्रवारी बकुळने आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची फुलं केली. दुधाचं पांढरं, आंघोळीचं निळं, खेळाचं तांबडं, झोपेचं जांभळं, स्वयंपाकाचं पिवळं. गजरा कसा ओवायचा हे तिला आईने शिकवलं होतं. गाठ फार आवळली की देठ तुटतो, फार सैल ठेवली की फूल गळतं. म्हणून तिने लांब दोऱ्यावर तीनच गाठी पक्क्या मारल्या. सकाळचं दूध, जेवणानंतरची झोप, आणि दिवे लागताना आई घरी येणं. बाकीची फुलं मधे सैल ओवली, इकडेतिकडे सरकतील, हवं तर गाठीपलीकडेही नेता येतील अशी. निळ्या दारावर तो गजरा झुलू लागला तेव्हा सगळी खोली हसल्यासारखी दिसली.

बकुळने फुलं मोजली आणि तिच्या लक्षात आलं. "बाबा, यात तुमचं फूल कुठाय?"

बाबा हसले. शाळेत मधल्या सुट्टीचा टोल द्यायला मीच लागायचो, मला कुठली आली सुट्टी, असं म्हणून ते भांडी घासायला वळले. वीस वर्षं त्यांनी सगळ्या गावाच्या पोरांना सुट्टी दिली होती आणि स्वतः एकदाही घेतली नव्हती. बकुळला फार वाईट वाटलं. तिने एक हिरवं फूल केलं आणि जांभळ्या फुलाच्या अगदी शेजारी ओवलं. बाळं झोपली की बाबांचा चहा, असं तिने बजावून सांगितलं.

शनिवारी भर दुपारी ती शेवटची बी मुठीत घेऊन बागेत गेली. उद्या आत्या येणार. तिथेच बी टोचून सांगायचं, रुणूला कुणी नेऊ नये, की झालं. पण घटिका एका पानाच्या आडोशाला दिसली. तिचे पिवळे पंख मलूल झाले होते, डोळे मिटत होते, तरी ती दुपारीच्या उरलेल्या कळीकडे सरपटत निघाली होती. बकुळने विचारलं की तुझी मधली सुट्टी कधी असते? परीला प्रश्नच कळला नाही. हजारो वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

बकुळने मूठ उघडली. तिच्या डोळ्यांपुढे रुणूचं बोळकं आलं. मूठ पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. मग तिने बी मातीत टोचली आणि एका दमात म्हणाली, "घटिकापरीला दुपारची झोप मिळू दे."

परीने आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं, एक जांभई दिली आणि ती चाफ्याच्या पानावर मुटकुळं करून झोपून गेली. बकुळ रिकाम्या हातांनी घरी आली. आता जादू संपली होती.

रविवारी आत्या आली, सोबत रुणूच्या कपड्यांसाठी मोठी पिशवी घेऊन. बाजाराचा दिवस म्हणून आई कामावर होती. आणि नेमका त्याच दिवशी रुणूचा दात येऊ लागला. सकाळचं दूध झालं, पण आंघोळीला तो हात लावू देईना. रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं. आत्या हाताची घडी घालून बसली होती. बकुळची नजर त्या मोठ्या पिशवीवरून हलत नव्हती. बाबांनी सवयीने एकदा पितळी थाळीकडे पाहिलं.

मग ते दाराशी गेले आणि त्यांनी निळं फूल जांभळ्याच्या पलीकडे सरकवलं. आंघोळ दुपारनंतर. रुणूला खांद्यावर घेऊन ते फेऱ्या मारू लागले, आणि झुणूसमोर त्यांनी पातेलं नि डाव ठेवला. झुणू पातेलं बडवत खिदळू लागली. तिचं हसणं ऐकून रुणूचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. भात शिजला, करपला नाही. जेवणानंतर दोघं एकाच पाळण्यात, एकमेकांच्या तोंडात बोटं घालून झोपली. बाबांनी चहा केला, आत्याला दिला, आणि स्वतःचा कप घेऊन ते चक्क उंबऱ्यावर बसले.

आत्या बराच वेळ गजऱ्याकडे पाहत होती. शेवटी तिने विचारलं, "आणि उद्या ही झोपलीच नाहीत तर?"

"तर फूल पुढे सरकवायचं, अक्का," बाबा म्हणाले. "दिवस तुटत नाही."

आत्या उठली. तिने पाळण्यात वाकून पाहिलं, झोपलेल्या रुणूच्या गालावरून बोट फिरवलं, आणि आणलेली पिशवी घडी करून काखोटीला मारली. निघताना तिने भावाच्या पाठीवर हात ठेवला. हे आपल्या आईलाही जमलं नसतं, असं ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत ओढ्याच्या वाटेला लागली. पिशवी रिकामीच होती.

गुलबक्षी उमलायच्या वेळेला बकुळ बागेत धावली. घटिका झोपून ताजीतवानी झाली होती. तिचे पंख जांभळे, गुलाबी, सोनेरी असे झळाळत होते. ती हसत म्हणाली की काल मी झोपले आणि फुलं आपली आपणच उमलली, एकाचीही पाळी चुकली नाही. हजारो वर्षं मी उगीच घाबरत होते. "आता रोज दुपारी झोपणार मी, तुझ्यामुळे," असं म्हणत तिने बकुळच्या कपाळावर इवलासा पापा दिला. तिच्याभोवती मऊ उजेड पसरला, वाळक्या फांद्यांना एकदम कोंब फुटले, सगळी बाग रंगांनी भरून गेली, आणि उजेड विरला तेव्हा परी दिसेनाशी झाली होती.

घरी बकुळ पोहोचली तर दारावरची चिंध्यांची फुलं खरी झाली होती, मखमली, सुगंधी, कधीच न कोमेजणारी. हिरवं फूल सर्वांत टपोरं होतं.

दिवे लागले, आई वळणावर दिसली, आणि बाबांनी बुधवारनंतर पहिल्यांदा हातोडी उचलली. शाळा सुटताना देतात तसा त्यांनी लांबलचक टोल दिला. रुणू-झुणू दचकली नाहीत. आई आली हे त्यांना कळलं, आणि ती चार हातांनी टाळ्या पिटू लागली. तेव्हापासून रोज तेवढा एकच टोल पडायचा.

सुट्टी संपल्यावर नव्या शाळेत बाईंनी एकेकाला उभं करून विचारलं की तुमचे बाबा काय करतात. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "हिचे घरी बसतात."

बकुळ ताठ उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझे बाबा दिवस ओवतात."

अजूनही मोरवणीत संध्याकाळी एक लांब टोल ऐकू येतो. तो ऐकून ज्याला आपलं घर आठवतं, त्याच्या दाराशी एखादं फूल नक्की उमलतं.