उन्हाची कौलं आणि पाल्याचं कालवण

"दादाने अर्धं घातलेलं छप्पर आता पुरं कोण करणार?"

धाकूने हे साऱ्या गावाला विचारलं. स्मशानातून परततानाही विचारलं. दादा तापाने गेला आणि वहिनी दोन मुलींना घेऊन अर्ध्या छपराखाली बसली. उरलेल्या अर्ध्यावर नुसतं आभाळ!

दादा घालत होता ती उन्हाची कौलं. काळी, चकचकीत, दिवसभर ऊन प्यायची आणि दिवेलागणीला घरात उजेड पाडायची. त्या उजेडात वहिनी मासेमारीची जाळी विणून पोट भरणार होती. राजाने ही कौलं जाळी विणणाऱ्यांसारख्या कारागिरांना द्यायचं कबूल केलं होतं, पण खजिनदार विसाजीपंतांनी उरलेली कोठारात अडकवली. फार महाग पडतात, मातीची घाला, म्हणाले.

शाळेची पायरी जेमतेम चढलेला धाकू तडक दरबारात घुसला आणि पंत खोटं बोलतात, असं तोंडावर म्हणाला. दरबार चपापला. राजा मात्र जितका हट्टी तितकाच गमत्या.

"ही कौलं महाग नाहीत, असं पंतांच्याच तोंडून वदवून दाखव," तो म्हणाला. "जमलं तर कौलं तुझी. नाहीतर ती माझ्या पागेवर चढतील."

"पंतांच्या तोंडून?" राणी हसली. "त्यापेक्षा घोड्याकडून वदवणं सोपं."

धाकूने राजवाड्याच्या अंगणात बिनखिडक्यांच्या दोन खोल्या मागितल्या. एक पंतांनी मातीच्या कौलांनी शाकारली, दुसरी धाकूने कोठारातून मागवलेल्या उन्हाच्या. मग त्याने रीत पुढे केली: नव्या छपराखाली शाकारणीचं जेवण झालंच पाहिजे. पंत आपल्या छपराखाली बसतील, महाराज माझ्या. जेवण दिवेलागणीला ठरलं. पानात पाल्याचं कालवण. पाला मासा म्हणजे चवीला अमृत आणि पोटात काट्यांचं रान!

धाकूच्या खोलीत लख्ख उजेड पडला. राजा एकेक काटा काढून बोटं चाटू लागला. तेवढ्यात शेजारून पंत ओरडले, "अरे, दिवा आणा!"

धाकू त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. "पंत, छपराचा भाव सांगितलात, त्यात दिवा धरला होता?"

"दिव्याचा आणि छपराचा काय संबंध?"

"काहीच नाही. मग जेवा की सावकाश."

पंत अंधारात चाचपडत घास घेऊ लागले. मग जोराचा ठसका.

"मेल्या, काटा अडकला! दिवा आण!"

"आधी भाताचा गोळा गिळा. आणतो, पण तेल कोणाच्या खर्चात?"

"माझ्या छपराच्या धर!"

"आजचंच, की रोजचं?"

"रोजचं धर! जन्मभराचं धर!"

"मग तुमचं छप्पर स्वस्त राहिलं का?"

"नाही राहिलं! तुझंच स्वस्त! आता तरी आण!"

राजाला इतकं हसू लोटलं की कालवण नाकात गेलं. त्याने कोठार उघडायला लावलं, कौलांची गाडी भरून दिली, वर हातातलं चांदीचं कडं धाकूला दिलं. धाकूने ते मोठ्या पुतणीच्या हातात टाकलं आणि तो शिडी चढला.

दादाने घातलेली ओळ जराशी वाकडी गेली होती. धाकूने ती सरळ केली नाही. आपलीही ओळ त्याने तेवढीच वाकडी घातली, पार दुसऱ्या टोकापर्यंत.